रात्रपाळीचा नवरा

माझ्या नवऱ्याला आमच्या गल्लीतल्या सगळ्यांनी पाहिलं होतं. एक मी सोडून.

हे मी आता चारचौघांत रंगवून सांगते. सांगताना उठून उभी राहते, आवाज काढते, ऐकणाऱ्याचा चहा थंड करते. पण काही वर्षांपूर्वी ही गोष्ट मला कोर्टात, शपथेवर, आवाज न काढता सांगावी लागली होती.

मी मूळची निपाणीची. तिथल्या एका शाळेत मराठी शिकवत होते आणि दर वर्षी गॅदरिंगची नाटकं बसवत होते. लग्नानंतर बेळगावात नोकरी धरली. कंग्राळीच्या रस्त्याला शेतं संपून प्लॉट सुरू होतात, तिथल्या एका गल्लीत आम्ही घर घेतलं. गल्लीत सगळी मूळची शेतकरी माणसं. सकाळी म्हशीची धार काढून, अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बँकेत आणि कारखान्यात जाणारी.

एका रविवारी माझा नवरा पोहे खाऊन उठला, बूट घातले आणि "जरा जाऊन येतो" म्हणाला. भांडण नव्हतं, दारू नव्हती, दुसरी बाईही नव्हती. निदान तेव्हा तरी नव्हती. तिसऱ्या दिवशी फोन आला.

"मी न्हाय येत आता."

"म्हणजे कधी येणार?"

"न्हायच येत. तू बघ तुझं."

एवढंच. नंतर कळलं, खानापूरच्या पलीकडे एका लाकडाच्या वखारीवर तो हिशेब लिहायला राहिलाय.

आमच्याकडे अशा बाईला एक शब्द आहे. टाकलेली. घागर टाकावी, चिंधी टाकावी, तशी. त्या शब्दानं मला कुणी हाक मारू नये म्हणून काहीही करायची माझी तयारी होती. आणि मला एकच गोष्ट बरी येत होती. नाटक बसवणं.

पहिल्या आठवड्यात मी त्याच्या चपला दाराबाहेर मांडल्या. रोज थोड्या वेगळ्या. एक पुढे, एक तिरकी, माणूस घाईनं आत गेल्यासारख्या. दुसऱ्या आठवड्यात त्याचे तीन शर्ट काढले. एक निळा, एक पांढरा, एक चौकड्यांचा. धुऊन पाळीपाळीनं पुढच्या दोरीवर टाकू लागले, मग कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या अण्णांकडे द्यायचे. गल्लीत सांगितलं, त्याला उद्यमबागेतल्या कारखान्यात कायमची रात्रपाळी लागली आहे. दिवसभर झोपतो. घरात माणूस झोपलाय म्हटल्यावर बाहेरून कुलूप कसं दिसेल? म्हणून पुढच्या दाराला आतून कडी लावून मी परसदारानं शाळेला जाऊ लागले. बघा, किती बारकावा!

आणि मग माझा हुकमी एक्का. नणंदेच्या लग्नाच्या व्हिडिओत अक्षता टाकताना तो खोकला होता. चार सेकंदांचा, घशात अडकून सुटणारा खोकला. तेवढाच तुकडा मी फोनमध्ये काढून ठेवला. रोज सहाच्या सुमाराला खिडकीची एक फळी उघडायची, फोन कठड्यावर ठेवायचा आणि नवरा झोपेतून उठवायचा.

खोटं कशाला सांगू, मजा येत होती. खरा नवरा कधी इतक्या वेळेवर उठला नव्हता.

समोरच्या घरात आक्का राहतात. नात्यानं कुणी नाहीत, पण अख्ख्या गल्लीच्या आक्का. त्या कधी चपलांकडे बघून पदर सावरायच्या, कधी दबक्या आवाजात विचारायच्या, "दाजी उठलं न्हाईत अजून?"

"आत्ता उठतील."

"खोकला काय जाईना गं त्यांचा. अडुळसा दे की."

मी अडुळसा आणला. आक्कांनी बघावा म्हणून पानं दारात बसून निवडली, काढा उकळला, आणि कपात ओतून आतल्या खोलीत नेऊन ठेवला. आत कुणी बघणार नव्हतं. तरी ठेवला. संध्याकाळी गार झालेला काढा मोरीत ओतताना मला पहिल्यांदा जरा कसंसं झालं.

दुसरं वर्ष सरत आलं तेव्हा लोक मला न सांगितलेलं सांगू लागले. किराणावाला म्हणाला, "साहेब काल दारात उभं होतं, हात केला मी." मतदार यादी तपासायला एक गुरुजी आले होते. मी शाळेत, पुढचं दार बंद. आक्कांनी समोरून सांगितलं, "हाईत की, झोपल्यात. उठवू नका." गुरुजींनी नावापुढे खूण केली आणि गेले. सरकारी कागदावरही माझा नवरा घरात झोपला.

मी हसले. हसून गडबडा लोळले. मग एक दिवस आक्का म्हणाल्या, "दाजींच्या पायाला काय झालं गं? लंगडत हुते."

मी लंगडणं बसवलं नव्हतं. मी सगळं केलं होतं, पण हे केलं नव्हतं.

"कधी बघितलं?"

"परवा. गल्लीच्या तोंडाला. डावा पाय ओढत हुते. हाक मारली, तर तुमच्या घराकडं बघत उभं. ऐकलंच न्हाय."

"जिन्यावरून घसरलेत," मी म्हणाले. आमच्या घराला जिना नाही.

घरी आले. निळा शर्ट दोरीवर होता आणि वारा पडलेला होता. तो मी त्या दिवशी आत घेतला नाही. हात लावावासा वाटला नाही.

त्यानंतर मी घरात आवाज न करता वावरू लागले. दुपारी सुट्टी असली तर भांडी हळू ठेवायची, कारण आत झोपलंय ना कुणीतरी. बिछान्यावर भिंतीकडची बाजू मोकळी सोडायची. हे मी कुणाला दाखवायला करत नव्हते. बघायला कुणीच नव्हतं. भाजीला तिखट कमी घालताना एकदा माझा हात थांबला. तिखट त्याला सोसत नव्हतं. मला लागतं.

अशीच आणखी वर्षं गेली. सहावं वर्ष सरता सरता फोनची काच फुटली. दुरुस्तीला दुकानात दिला, दोन दिवस मिळणार नव्हता. संध्याकाळी मी वह्या तपासत बसले होते. सहा वाजले. आणि खोकला ऐकू आला.

तोच. घशात अडकून सुटणारा.

लाल पेन हातात तसंच राहिलं. मी आतल्या खोलीत गेले नाही. खरं सांगायचं तर जागची हललेच नाही. थोड्या वेळानं समोरून आक्का ओरडल्या, "आज लईच खोकल्यात गं दाजी!"

म्हणजे भास नव्हता. भास दोघींना एकदम होत नाही.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून परस्पर टिळकवाडीत एका वकीलबाईंकडे गेले. वकीलबाई म्हणजे निपाणीतली माझी विद्यार्थिनी. तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या आईची मुलगी. सातवीत मी तिला नाटकात न्यायाधीश केलं होतं आणि तिनं पाठांतर विसरून आरोपीला मनानंच सोडून दिलं होतं. आता तिच्या टेबलामागे लाल पाठीच्या पुस्तकांची भिंत आणि बाबासाहेबांचा फोटो.

"बाई, तुम्ही?" ती उठून उभी राहिली.

मी सगळं सांगितलं. चपला, शर्ट, खोकला. ती हसली नाही. वही पुढे ओढली.

"बाई, सोडून गेल्याच्या कारणावर घटस्फोट मिळतो. अर्ज करायच्या आधी सलग दोन वर्षं तो तुमच्यापासून वेगळा राहिलेला पाहिजे. तुमची तर सहा झाली."

"मग झालं की."

"झालं काय? मधे येऊन राहिला असेल तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. तो गेलाय हे सिद्ध करायला साक्षीदार लागणार. कोण सांगेल?"

"गल्ली..." मी म्हणाले.

"गल्ली सांगेल तो आहे म्हणून," ती म्हणाली. "बाई, एवढं चांगलं नाटक का बसवलंत?"

मला पोटगी नको होती, त्याचं काहीच नको होतं. मला माझ्या घरात एकटीनं राहायचं होतं, आणि तो गेलाय हे कुठेतरी शिक्का मारून लिहिलेलं हवं होतं.

नोटीस गेली, वखारीच्या पत्त्यावर. मला वाटलं, तो येणारच नाही. तो वकील घेऊन आला. संमतीनं मोकळं व्हा, असं कोर्टातल्या समुपदेशकांनी सुचवलं, तेही त्याला नको होतं. बायको टाकून गेला असं भाऊबंदांत म्हणतील, म्हणून त्याच्या उत्तरात लिहिलं होतं: मी घर सोडलेलं नाही, कामासाठी येऊन-जाऊन असतो, गल्लीत कुणालाही विचारा.

ते मी दोनदा वाचलं. गल्लीत काय उत्तर मिळेल हे त्याला कसं ठाऊक?

पहिल्या सुनावणीला पुकारा झाला आणि तो आत आला. सहा वर्षांनी मी त्याला पाहत होते. केस विरळ झालेले, गाल बसलेले. डावा पाय ओढत आला.

मी वकीलबाईंचा हात धरला. "काय झालं?" तिनं विचारलं. घरातून गेला तेव्हा त्याचे दोन्ही पाय धड होते. आक्कांनी लंगडताना पाहिला तो कोण, हे मला त्या क्षणी विचारायचंही धाडस नव्हतं.

माझी साक्ष झाली. त्याच्या वकिलानं विचारलं, "दारात कुणाच्या चपला असतात?"

"त्यांच्या."

"दोरीवर शर्ट?"

"त्यांचे."

"रोज संध्याकाळी खोकल्याचा आवाज येतो?"

"येतो."

वकील न्यायाधीशांकडे वळून हसला. न्यायाधीशांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहत कन्नडमध्ये विचारलं, "एष्टु वर्ष आय्तु?" किती वर्षं झाली?

"सहा वर्षं मी गल्लीशी खोटं बोलतेय साहेब," मी म्हणाले. "तो घरात नाही." आणि मग चपला कशा मांडायच्या इथपासून फोन कठड्यावर कसा ठेवायचा इथपर्यंत सगळं सांगितलं. टंकलेखक थांबून माझ्याकडे बघत राहिला. आयुष्यात इतका शांत प्रेक्षक मला कधी मिळाला नव्हता, आणि तो नको होता.

नवऱ्याच्या बाजूनं आक्का आल्या. काठाचं लुगडं नेसून, कपाळभर कुंकू लावून. माझ्याकडे बघून डोळ्यांनीच म्हणाल्या, घाबरू नको.

"हाईत साहेब," त्यांनी शपथेवर सांगितलं. "माझ्या डोळ्यांनी बघितलंय. लंगडत चालत्यात ते बी बघितलंय. रोज खोकल्यात. बाईचा संसार धड हाय. मास्तरीण हाय, डोक्यावर परिणाम झालाय जरा, तेवढं समजून घ्या."

एक शब्द खोटा बोलल्या नाहीत. बाहेर व्हरांड्यात मला गाठून म्हणाल्या, "मोडू न्हाय दिला गं तुझा संसार."

माझ्या बाजूनं एकच साक्षीदार मिळाला. इस्त्रीवाले अण्णा. मी त्यांना विचारलंही नव्हतं. कपडे द्यायला गेले तेव्हा तेच म्हणाले, "बाई, कोर्टात मी येऊ काय?"

पिंजऱ्यात उभे राहून त्यांनी आधी कठडा हातानं सारखा केला, इस्त्रीचं टेबल करतात तसा.

"तीन शर्ट येतात साहेब. सहा वर्षं तेच तीन. कॉलर कधी मळली न्हाय. काखेत घाम न्हाय. खिशात कधी चिठ्ठी सापडली न्हाय, बसचं तिकीट न्हाय. धुऊन धुऊन रंग गेला, पण कोपरावर घासला न्हाय. त्या शर्टात माणूस न्हवता."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?" त्याच्या वकिलानं विचारलं.

"गिऱ्हाइकाच्या कापडाचं भायेर बोलत नसतंय," अण्णा म्हणाले. त्यांना अपमान वाटला होता.

म्हणजे अण्णांना पहिल्यापासून माहीत होतं. सहा वर्षं रिकाम्या माणसाचे शर्ट ते कडक घडी घालून माझ्या हातात देत होते आणि विचारत होते, "साहेब बरे ना?"

शेवटी नवरा स्वतः उभा राहिला. वकीलबाई उलटतपासणीला उठली.

"दारात कुठल्या रंगाच्या चपला असतात?"

"तपकिरी. डावीचा अंगठा शिवलेला."

"शर्ट?"

"निळा, पांढरा, चौकडीचा. निळ्याचा रंग उडालाय."

तिला हे उत्तर अपेक्षित नव्हतं. अंगठा मी तो गेल्यावर तिसऱ्या वर्षी शिवून घेतला होता. मला वाटलं, संपलं. तो खरंच येत होता. मी शाळेत असताना माझ्या घरात, माझ्या खोलीत, भिंतीकडच्या बाजूला झोपत होता.

"तुम्हाला हे कसं माहीत?"

"बघितलंय. महिन्या-दोन महिन्यांनी येतो मी."

"किती वाजता?"

"संध्याकाळच्या बसनं. सहाला पोचतो."

"घरात जाता?"

तो बोलेना. वकीलबाईनं घाई केली नाही. नाटकात थांबायचं कसं, ते मीच तिला शिकवलं होतं, पण तेव्हा तिला जमलं नव्हतं.

"पाय मोडला तेव्हा आलतो पहिल्यांदा," तो म्हणाला. तो वकीलबाईंशी बोलत नव्हता आणि माझ्याशीही नाही. "वखारीत ओंडका पडला पायावर. म्हटलं, जावं घरी. गल्लीच्या तोंडाला आलो. दारात माझ्या चपला दिसल्या. दोरीवर माझा शर्ट. खिडकी उघडली आणि आतनं मी खोकलो."

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं.

"मी आत हाय असं वाटलं. माझ्यासारखा कुणी न्हवं. मीच. मग बाहेर हाय तो कोण? दार वाजवायचं धाडस झालं न्हाय. दार मीच उघडलं असतं तर?" त्यानं तोंडावरून हात फिरवला. "मग दर वेळी दारापर्यंत येऊन बघायचो, गेलाय का तो. एकदा तर आतनं आवाज आला न्हाय. वाट बघत उभा राहिलो. मलाच खोकला आला."

माझ्या हातातलं लाल पेन मला आठवलं, आणि दुकानात पडलेला माझा फोन. आम्ही दोघं एकाच नवऱ्याला घाबरलो होतो.

"सहा वर्षांत एकदा तरी उंबरा ओलांडलात?" वकीलबाईनं विचारलं.

"न्हाय."

"एकदाही?"

"सांगितलं की. जागा न्हवती."

तेवढं तिला पुरलं. ती बसली. त्याचा वकील कागद चाळत राहिला.

निकाल काही आठवड्यांनी लागला. सोडून गेल्याचं सिद्ध झालं, विवाह संपला, असं वाचून दाखवलं. दुपारचे पावणेबारा झाले होते. तो निकालाला आला नव्हता. कागदाची प्रत नंतर मिळणार होती. वकीलबाई म्हणाली, "बाई, पेढे?" मी म्हटलं, आधी घरी जाऊ दे.

त्या दिवशी कुलूप विकत घेतलं, परसदारानं आत जाऊन पुढच्या दाराची कडी काढली. चपला उचलल्या. शर्ट अण्णांकडे नेऊन दिले, म्हटलं, कुणाला लागले तर द्या. अण्णांनी घेतले आणि काही विचारलं नाही. आक्कांच्या दारात जाऊन मी उभी राहिले. कोर्टातून आल्यापासून आमचं बोलणं नव्हतं.

"आक्का, संपलं. ते गेले."

आक्का मटकन खाली बसल्या. "असं कसं गं? परवा तर बघितलं मी."

"गेले आक्का."

मी घरी येऊन दार लोटलं. घर शांत होतं. नुसतं शांत, कुणी झोपलेलं असताना असतं तसं नव्हे. मी मुद्दाम एक पातेलं जमिनीवर आदळलं. छान आवाज आला.

तिन्हीसांजेला दार वाजलं. उघडलं तर गल्लीतल्या सात-आठ बायका, डोक्यावर पदर घेऊन. आक्का पुढे, हातात झाकलेलं ताट. ज्या घरी माणूस जातो त्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारपाजारच्या बायका पिठलं-भाकरी करून नेतात, त्याला आमच्याकडे कडू घास म्हणतात. त्या तो घेऊन आल्या होत्या.

मला हसू फुटणार होतं. पोटापासून आलंच होतं. मग त्यांच्याकडे पाहिलं. किराणावाल्याची बायको खरोखर रडत होती. तिच्या घरात त्या माणसाचा खोकला सहा वर्षं ऐकू जात होता, तिच्या नवऱ्यानं त्याला हात केला होता. तो आज त्यांच्यातून गेला होता. मी त्यांना आणून दिला आणि मीच घेऊन गेले.

त्या भिंतीला टेकून ओळीनं बसल्या. आक्कांनी ताट माझ्यापुढे सरकवलं.

"कोर्टात खरं सांगितलंस व्हय गं तू?"

"व्हय."

"सहा वर्षं मी त्या रिकाम्या चपलेकडं बघून पदर घेतला की गं, रांडे!" असं म्हणून त्यांनी डोळे पुसले. मग भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि माझ्या तोंडापुढे धरला. बाकीच्या बायका बघत होत्या. त्यांना विचारायचं होतं, आणि घरच्या बाईनंच सांगायचं असतं.

"कवा गेलं?" आक्कांनी त्या सगळ्यांसाठी विचारलं.

"आज दुपारी," मी म्हणाले. "पावणेबाराला."

आक्कांनी मान हलवली. एक-दोघींनी चुकचुक केलं. मी तोंड उघडलं. पिठल्याला सणसणीत तिखट होतं, आणि सकाळपासून मी काही खाल्लं नव्हतं.